पोपटाच्या शिक्क्याची रेकॉर्ड

डॉक्टर रेकॉर्ड आधी वाजवत नसत. आधी तिचा वास घेत. दोन्ही तळव्यांमध्ये कडांना धरून ती नाकापाशी आणायची, डोळे मिटायचे, अंगठ्यानं कडेवर हळूच घासायचं आणि पुन्हा एकदा वास घ्यायचा. मग निदान सांगायचे, "लाख कमी हाय. दगडाचा भुगा जास्त. गरीब कंपनी होती बिचारी."

डॉक्टर म्हणजे ढोरांचे डॉक्टर. सरकारी नोकरीत सगळी हयात बालाघाट जिल्ह्यातल्या गाईबैलांच्या पोटात हात घालण्यात गेली आणि निवृत्तीनंतर ते आपल्या घराच्या पुढच्या खोलीत जुन्या लाखेच्या रेकॉर्डी घेऊन बसले. मी अकोल्याची. बँकेच्या बदलीनं बालाघाटला आले आणि त्यांच्या घराची वरची खोली भाड्यानं घेतली. खोली दाखवताना त्यांनी मला फक्त एक प्रश्न विचारला होता. "चालता कशा तुम्ही? टाच आपटून की पंजावर?" टाच आपटणाऱ्याला ते वरची खोली देत नसत. खाली पिन उडते म्हणायचे.

जुन्या रेकॉर्डीला आमच्याकडे तवा म्हणतात. त्यामुळे नोकरीच्या दिवसांत डॉक्टरांचे मोठे घोटाळे झाले. बैलाला सलाईन लावून झालं की ते मालकाला विचारायचे, "घरी जुना तवा आहे काय एखादा?" की आतून बाई पोळ्यांचा तवा घेऊन बाहेर. एका गावात तर डॉक्टरांना फीच्या ऐवजी तवे लागतात अशी अफवा पसरली आणि एका म्हातारीनं खरोखरच नवा कोरा तवा फडक्यात बांधून आणून दिला. तो अजून त्यांच्या स्वयंपाकघरात आहे. काकू, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, "ह्यायच्या घरात तवे शेकड्यानं, पण पोळी भाजाले एकच."

मोठ्या कंपन्यांच्या, सिनेमातल्या गाण्यांच्या रेकॉर्डीत त्यांना रस नव्हता. कोणी आणून दिल्या तर ते विनम्रपणे घेत आणि पलंगाखाली सरकवून देत. त्यांचं वेड होतं छोट्या, बुडालेल्या, नावानिशाणी न उरलेल्या कंपन्यांचं. एखाद्या शेठनं हौसेनं मशीन भाड्यानं आणावं, गावोगावचे गाणारे बोलावून एखाद्या खोलीत त्यांच्याकडून गाऊन घ्यावं, थोड्याशा रेकॉर्डी काढाव्यात आणि वर्ष-दोन वर्षांत दुकान गुंडाळावं, असल्या कंपन्या. मी एकदा विचारलं, त्यांचंच एवढं काय? ते म्हणाले, "मोठी कंपनी कोणाले बोलावे? ज्याले आधीच सारे ओळखत, त्याले. छोटी कंपनी ज्याले बोलावे ना, त्याले आयुष्यात पुन्हा कोणी बोलावलं नाही. तो माणूस त्या तीन मिनिटातच राहून गेला. मंग तो कोण, कुठचा, हे कोणीतरी पाहाले पाह्यजे का नाही?"

पाहायची त्यांची रीत जनावर तपासल्यासारखीच. वजन हातात तोलायचं. उन्हात तिरपी धरून घर, म्हणजे पिनेची चरी, कुठं जास्त झिजलंय ते बघायचं. मधल्या कागदी शिक्क्याच्या भोवती जी काळी गुळगुळीत पट्टी असते, तिच्यात खिळ्यानं ओरखडल्यासारखे बारीक आकडे असतात. त्याला ते कानातला बिल्ला म्हणत. गाईच्या कानात सरकारी बिल्ला ठोकतात, तसा. शिक्क्यावर त्यांचा विश्वास नसे. न खपलेल्या मालावर दुसऱ्याच गाणाऱ्याच्या नावाचा कागद चिकटवून तोच माल पुन्हा बाजारात आणायचे, असले उद्योग त्यांनी पुष्कळ पकडले होते. "गाय खोटं बोलत नाही, मालक बोलतो," ते म्हणायचे. "रेकॉर्डचंही तसंच. ते बिचारी खरी असते. खोटं बोलतो तो शिक्का."

त्यांच्या खोलीत भिंतीवर एक रेकॉर्ड खिळ्याला टांगलेली होती. तिच्यावर एका जागी अंगठ्याचा पांढुरका ठसा. कोरोनाच्या दिवसांनंतर इंदूरचे एक मोठे संग्राहक त्यांच्याकडे आले होते. आल्या आल्या सभ्यपणे हातांना सॅनिटायझर लावलं आणि ओल्या हातानं रेकॉर्ड उचलली. लाख दारूत विरघळते. डॉक्टर ओरडेपर्यंत पाहुण्यांचा अंगठा तिच्यात उमटला होता. पाहुणे मेल्याहून मेल्यासारखे झाले. डॉक्टरांनी त्यांना जेवूखाऊ घातलं, स्टेशनवर सोडलं आणि परत येऊन ती रेकॉर्ड भिंतीवर लावली. कोणी विचारलं की सांगत, "हे इंदूरवाल्यायची सही आहे."

रेकॉर्डी त्यांना कुठूनही मिळत. मलाजखंडच्या खाणीच्या कॉलनीतून बदली होऊन जाणारी माणसं सामान हलकं करताना त्यांना फोन करत. गावागावांत त्यांनी वितांना सोडवलेल्या गाईंचे मालक होतेच. पोपटाच्या शिक्क्याची रेकॉर्ड मात्र लालबर्र्याला मिळाली. एका राइस मिलच्या मालकीणबाईंनी ती कोंड्याच्या माठावर झाकण म्हणून ठेवली होती. शिक्क्याचा कागद वाळवीनं खाल्लेला. उरलं होतं ते पोपटाचं हिरवं शेपूट आणि लाल चोच. डॉक्टरांनी ती रिठ्याच्या पाण्यानं धुतली, मऊ धोतराच्या फडक्यानं टिपली, उभी करून सावलीत वाळवली. संध्याकाळी मी बँकेतून आले तर डॉक्टर म्हणाले, "चप्पल काढा अन् बसा. बोलू नका."

चावीच्या बाज्यावर ती फिरायला लागली. आधी नुसती कढईत तळण सोडल्यासारखी खरखर. मग ढोलकी, आणि मग तो आवाज.

*वैनगंगेच्या गं पाण्या, थांब घटकाभर*
*माह्या माहेरची होडी, येऊ दे काठावर*

मला गाण्यातलं फार कळत नाही. पण असा आवाज मी ऐकला नव्हता. त्यात आर्जव नव्हतं. नदीला जणू हातानं धरून थांबवावं तसं ती सांगत होती. दोन कडवी झाली आणि शेवटी, त्या काळात सगळेच गाणारे सांगत तसं, नाव ऐकू आलं. ते नाव एका पुरुषानं सांगितलं. घोगरा, फाटका आवाज: "मी गणपत, लामतेवाला."

डॉक्टरांनी पिन उचलली. म्हणाले, "ह्या माणसाले सर्दी झाली आहे."

जुन्या रेकॉर्डींच्या शौकिनांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप होता. इंदूरवाले, एक नागपूरचे, एक पुण्याचे निवृत्त प्राध्यापक आणि असे बरेच. डॉक्टरांनी तिथं गाणं टाकलं तसा एका दिवसात निकाल लागला. लामत्याचा गणपत हा खडी गंमतचा, म्हणजे इकडच्या तमाशाचा, नावाजलेला नाच्या होता, लुगडं नेसून बाईचं काम करायचा, बाईच्या आवाजात गायचा. शेवटी बोलला तो त्याचा खरा आवाज. नागपूरच्या गृहस्थांनी आपल्या वडिलांकडून त्याचं नाव ऐकलं होतं. पुण्याच्या प्राध्यापकांनी डॉक्टरांचं अभिनंदन केलं.

डॉक्टरांना ते पटेना. आठवडाभर रोज सकाळी चहाआधी ते रेकॉर्ड लावत. अंगणातून मला वर ऐकू येई. मग एक दिवस त्यांनी ग्रुपवर लिहिलं की गाणारी बाई आहे, नाव सांगणारा पुरुष वेगळा आहे. पुरुषाचा घसा सुजलेला आहे, असा घसा घेऊन कोणी आधी तीन मिनिटं इतकं साफ गाऊच शकत नाही. आणि बाईचा श्वास वरच्यावर आहे, पोटातून येत नाही, पोटात जागा नाही. म्हणजे ती गरवार आहे, दिवस भरत आलेत.

ग्रुपवर हसून हसून माणसं लोळली. इंदूरवाल्यांनी गाईचं चित्र टाकलं. पुण्याच्या प्राध्यापकांनी लिहिलं, "डॉक्टरसाहेब, ही गाय नव्हे."

काकूंनीही फोन वाचला आणि डोळे पुसत म्हणाल्या, "अवो, आता तं हद्द झाली तुमची."

डॉक्टर पुढच्या रविवारी मला म्हणाले, "चलता काय लामत्याले?"

आम्ही नैनपूरकडे जाणाऱ्या गाडीनं गेलो. चावीचा बाजा त्यांनी गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतला होता, रेकॉर्ड दोन पाटांच्या मध्ये बांधून माझ्याकडे दिली होती. गाडीत ते एवढंच म्हणाले, "धक्का बसला तं तुमी पडा, तिले पडू देऊ नका."

लामत्यात गणपतचं घर विचारायला लागलं नाही. चौकातच सिमेंटचा मंच होता आणि त्यावर रंगवलेलं नाव: गणपत मंच. दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे जत्रेला, तिथं दंडारीचा नाचगाण्याचा खेळ होतो, लांबून लांबून मंडळ्या येतात. गणपतचा नातू सुरेश समोरच खताबियाण्यांचं दुकान चालवायचा. आम्ही कशाला आलो ते कळल्यावर त्यानं दुकान तसंच उघडं टाकलं. "अरे बाप रे! दादाजी की आवाज? हमारे पास तो फोटो तक नहीं है, साहब." त्यानं हाका मारल्या, खुर्च्या आल्या, अर्धं गाव अंगणात जमलं.

रेकॉर्ड वाजली. शेवटी "मी गणपत, लामतेवाला" आलं आणि सुरेशनं डोळ्यांवर रुमाल धरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुन्हा लावा, पुन्हा लावा, झालं. डॉक्टरांनी पुन्हा लावली. मग त्या सगळ्या आनंदात सुरेशला विचारलं, "तुमच्या आजोबाले तेव्हा घशाची काही बिमारी होती काय?"

सुरेशला काय माहीत असणार? तो म्हणाला, "नाही हो, आवाज तर पाहा ना कसा आहे!"

दाराच्या आत, उंबऱ्यापाशी एक म्हातारी बसली होती. सुरेशची आत्या, गणपतची मुलगी, अंजनाबाई. ऐंशीच्या पुढची. रेकॉर्ड वाजत असताना मी तिच्याकडे पाहत होते. सगळे हसत-रडत होते, ती नुसती मांडीवरच्या पदराची घडी घालत होती, उलगडत होती. डॉक्टरांचा प्रश्न ऐकून तिनं मान वर केली.

थोड्या वेळानं तिनं हाक मारली. "डॉक्टर, तुमी ढोरायचे डॉक्टर होये ना? माही बकरी पाहून द्या जराशी. मांगं बांधली आहे."

आम्ही दोघं तिच्यामागून परसात गेलो. बकरी ठणठणीत होती. डॉक्टरांनी तरी तिचे डोळे, जीभ, सगळं पाहिलं. अंजनाबाई म्हणाली, "तुमी बिमारीचं काहून विचारलं?"

"गाणं बाईनं म्हटलं आहे, आजी. अन् नाव सांगणाऱ्याचा घसा बसला आहे."

ती गोठ्याच्या खांबाला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "माही माय होये ते. कौसाबाई."

पुढचं तिनं बकरीच्या पाठीवरून हात फिरवत, खालच्या आवाजात सांगितलं. रेकॉर्डसाठी नागपूरला बोलावणं आलं तेव्हा गंमतीच्या पार्टीसोबत स्वयंपाकाला म्हणून आई गेली होती. वाटेत पावसात भिजून बापाचा घसा बसला. कंपनीवाला म्हणाला, मशीन उद्या परत जाते, आज गात असाल तर गा, नाही तर घरी जा. घरी सगळ्यांना सांगून आलेले. तेव्हा आई चुलीपाशी होती, हात पुसून उठली आणि म्हणाली, मला सगळी गाणी येतात. "गाणं तिचंच होतं तसं," अंजनाबाई म्हणाली. "जात्यावर म्हणे ते. बापानं तिच्यापासूनच घेतलं होतं. पण घरच्या बाईनं मशीनपुढं गावं म्हणजे त्या टायमाले... बापानं पार्टीवाल्यायले शपथ घातली. नाव त्यानं आपलं सांगतलं. माय त्याच्यानंतर पुन्हा मोठ्यानं कधी गायली नाही. कोणी घरी नसलं का मले म्हणून दाखवे."

"अन् तिले दिवस गेलते तेव्हा?" डॉक्टरांनी विचारलं.

म्हातारीनं त्यांच्याकडे चमकून पाहिलं. "तुमाले कोणं सांगतलं?"

"तिच्या दमावरून वाटलं."

"हौ," ती म्हणाली. "पोटात मीच होती."

डॉक्टर तिथंच गवताच्या पेंढीवर बसले. मला वाटलं ते आता उड्या मारतील. पण अंजनाबाईनं हात जोडले. "डॉक्टर, बाहेर सांगू नोका. तो मंच पाह्यला ना? पोरं पायाले हात लावून चढतात त्याच्यावर. सुरेश तं त्याच्याच नावानं जगते. मी कायले कोणाचं मोडू?"

डॉक्टर म्हणाले, "नाही सांगत."

परतीच्या गाडीत ते खिडकीबाहेर पाहत राहिले. मी म्हणाले, "तुमचं बरोबर निघालं ना पण? अगदी सगळं." ते म्हणाले, "हौ. आता ते तोंडात धरून बसा लागते."

घरी आल्यावर त्यांनी ग्रुपवर लिहिलं: "लामत्याला जाऊन आलो. माझी चूक झाली. आवाज गणपत यांचाच आहे." त्याच्याखाली गाईची पुष्कळ चित्रं आली. त्यानंतर कोणी काही नवीन टाकलं आणि डॉक्टरांनी मत दिलं की कोणीतरी हमखास विचारी, गरवार आहे का हो? डॉक्टरांनी मतं देणं बंद केलं. मग ग्रुप उघडणंही बंद केलं. घरात आलेल्या रेकॉर्डी धूळ न झटकता पडून राहू लागल्या. काकू मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "पोरी, काय झालं ह्यायले? पह्यले नुसते वेडे होते, आता तं शहाणे झाले." काकूंनाही त्यांनी सांगितलं नव्हतं.

एकदाच, अंगणात तुळशीला पाणी घालताना ते मला म्हणाले, "नोकरीत एका गाईचा बिल्ला दुसरीच्या कानात कधी गेला नाही माह्या हातून. हा पह्यला." आणि पाणी घालत राहिले. तुळशीचा ओटा भरून पाणी वाहायला लागलं तरी त्यांच्या लक्षात आलं नाही.

दिवाळी झाली, मंडया झाल्या. थंडी पडली होती. अशाच एका रविवारी सकाळी फाटकापाशी मोटरसायकल थांबली. सुरेश होता आणि त्याच्या मागे, शालीत गुंडाळलेली, दोन्ही हातांनी त्याचा कोट धरून बसलेली अंजनाबाई. लामत्याहून एवढ्या लांब ती मोटरसायकलवर आली होती.

तिला उतरवून पुढच्या खोलीत बसवलं. काकूंनी चहा ठेवला. सुरेश दारातच उभा, कोणाकडे पाहीना.

"यानं सांगतलं तुमाले?" अंजनाबाईनं डॉक्टरांना विचारलं. मग स्वतःच म्हणाली, "हा कायचा सांगते! मीच सांगतो."

झालं होतं असं, की सुरेशच्या मुलीला मंडईत मंचावर गायचं होतं. पोरगी बालाघाटच्या कॉलेजात गाते, बक्षिसं आणते. सुरेश म्हणाला, कॉलेजात ठीक आहे, गावात आपल्या घरच्या पोरी मंचावर चढत नाहीत, दादाजींच्या मंचावर तर नाहीच. पोरगी दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी अंजनाबाई उठून दुकानात गेली आणि गिऱ्हाईकांसमोर म्हणाली, ज्या गाण्यावर तुझा मंच उभा आहे, ते गाणं बाईनं गायलं आहे. तुझ्या आजीनं. पोटुशी होती तेव्हा.

"मंग?" काकूंनी विचारलं. त्यांच्या हातात चहाची गाळणी तशीच राहिली होती.

सुरेश पहिल्यांदा बोलला. "काय करणार काकी. गाँव भर में बात फैल गई. मले तं दोन दिवस दुकान उघडायची हिंमत नव्हती." मग म्हणाला, "पण पोरगी गायली. अच्छा गायली."

"आता लिहा," अंजनाबाई डॉक्टरांना म्हणाली. "माह्या मायचं नाव लिहा."

डॉक्टर उठले. कपाटातून जाड कागद काढला, कंपासनं गोल आखला, कापला. शाईच्या पेनानं, डाव्या हातानं उजवं मनगट धरून, लिहिलं: कौसाबाई, लामता. आणि वाळवीनं खाल्लेल्या जागेवर, पोपटाचं शेपूट आणि चोच दोन्ही दिसतील असा, तो कागद खळीनं बसवला. शिक्क्यावर विश्वास नसलेला माणूस स्वतःच्या हातानं शिक्का चिकटवत होता आणि तो वाकडा तर बसत नाही ना म्हणून जीभ दातांत धरून पाहत होता. ग्रुपवर त्यांनी दुपारी फक्त त्याचा फोटो टाकला, खाली एक शब्द लिहिला नाही. पुण्याच्या प्राध्यापकांनी रात्र व्हायच्या आत फोन केला आणि बराच वेळ बोलले. पण ते नंतरचं.

खळ वाळल्यावर रेकॉर्ड लावली. अंजनाबाई स्टूल ओढून बाज्याच्या अगदी जवळ बसली. दोन कडवी झाली. बापानं नाव सांगितलं. डॉक्टरांनी पिन उचलली तशी ती म्हणाली, "अजून एक कडवं आहे. ह्याच्यात नाही आलं."

आणि कोणी म्हणा म्हणायच्या आत तिनं म्हटलं. आवाज थरथरता, म्हातारा, पण नदीला हातानं धरायची ती तऱ्हा तीच.

*होडी आली काठावर, आत नाही गं कोणी*
*वैनगंगा म्हणे मले, मीच तुही बहिणी*

काकू भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. सुरेश दारातून आत आला आणि खाली जमिनीवर बसला.

डॉक्टरांनी विचारलं, "हे कडवं काहून नाही घेतलं, आजी? जागा तं होती. बाकी आहे रेकॉर्डवर जागा."

"म्हणणारच होती ते," अंजनाबाई म्हणाली. "तोंड उघडलं, अन् मी आतून लात मारली. जोराची. तिचा दम अडकला. मशीन तं चालूच. मंग बापच पुढं झाला अन् नाव सांगून मोकळा झाला. माय मले सारखी म्हणे, तुह्या पायानं माहं कडवं राह्यलं व."

ती हसली. डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी बाज्याला चावी दिली, रेकॉर्डवर वाकले आणि पिन दुसऱ्या कडव्याच्या शेवटच्या ओळीवर ठेवली. ओळ संपली. ढोलकी दोन मात्रा एकटीच वाजली. मग खरखरीत बुडालेला, इतक्यांदा ऐकूनही आमच्या कोणाच्या कानाला न लागलेला, अगदी बारीकसा आवाज आला. बाईनं एकदम श्वास आत ओढावा, एवढाच.

"हौ," अंजनाबाई म्हणाली. "हे मी."

डॉक्टरांनी पिन उचलली आणि पुन्हा तिथंच ठेवली.